बंद असताना पूर, चालू असताना दुष्काळ: एका लॉन मॉवरचा प्रकरण अभ्यास

ज्या यंत्राची ही हकीकत आहे ते अगदी सर्वसाधारण. गवत कापायचा, मागून चालत ढकलायचा पेट्रोल मॉवर, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, क्षमता १६० सीसीच्या आसपास, खाली २१ इंचांचं म्हणजे साधारण ५३ सेंटीमीटरचं एकच आडवं पातं, आणि चालू करायला दोरी. गवत वाढायचं थांबलं तसा तो शेडमध्ये ढकलून ठेवला गेला. काही महिन्यांनी बाहेर काढला आणि त्याने असहकार पुकारला. मालक हौसेने बाग राखणारे, पण हत्यारांशी संबंध स्क्रू-ड्रायव्हरपुरताच. "इंजिन उघडावं लागेल का, तेवढं बघून सांगा," एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं.

तक्रार आणि आधीचे उपचार

तक्रारी तीन होत्या. दोरी ओढली की मॉवर भकाभक पांढरा धूर सोडत चालू व्हायचा, थोडा वेळ आवाज वरखाली करत राहायचा आणि बंद पडायचा. चोक ओढून धरला तर आणखी थोडा तग धरायचा, पण शेवट तोच. जितका वेळ चालायचा तितका वेळ हँडल इतकं थरथरायचं की तळहाताला मुंग्या याव्यात. तिसरी तक्रार त्यांनी जाता जाता सांगितली: मागच्या हंगामाच्या शेवटी गवत कापलं की दोन दिवसांत गवताच्या सगळ्या पात्यांची टोकं पांढरट-तपकिरी पडायची, लांबून बघितलं तर हिरवळ वाळल्यासारखी दिसायची. ते याचं खापर खतावर फोडत होते.

आधीचे उपचार असे: ठिणगी पाडणारा प्लग नवा, एअर फिल्टर नवा, टाकीत उरलंसुरलं होतं त्यावरच ताजं पेट्रोल. फरक शून्य. मग एका दुरुस्तीवाल्याने पांढऱ्या धुराचं वर्णन ऐकून "रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल" असा निकाल दिला होता. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, जी ऑईल वर येऊ देत नाहीत. यंत्र जेमतेम काही हंगाम वापरलेलं.

प्लग आणि फिल्टर आधी बदलले जातात याचं खरं कारण ते हाताला लगेच लागतात, हे आहे. बिघाड तिथे आहे असं कोणी तपासलेलं नसतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातला प्रकार. प्लग बदलणं वाईट नाही, पण त्याने मॉवर चालू झाला नाही ही सुद्धा एक माहिती असते, आणि ती कोणी लिहून ठेवत नाही.

काही न उघडता

पहिलं काम प्लगची टोपी काढून बाजूला अडकवून ठेवणं. पातं हाताने फिरवलं की त्याच दांड्यावरचं इंजिनही फिरतं, आणि सिलिंडरमध्ये उरलेली थोडीशी वाफही एक ठोका द्यायला पुरेशी असते. तो एक ठोका बोटांना पुरतो. म्हणून खाली हात घालायच्या आधी टोपी काढायची, दर वेळी, "फक्त बघायचंय" असं असलं तरी. जागा मोकळ्या हवेतली, सायलेन्सर थंड झालेला, आसपास आगीचं काही नाही.

त्यानंतर डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑईल वरच्या खुणेच्याही बरंच वर होतं. मालकांना आनंद झाला. "बघा, ऑईल तर भरपूर आहे!" पण त्यांनी वर्षभरात ऑईल घातलेलंच नव्हतं. इंजिनातलं ऑईल आपोआप कमी होऊ शकतं, आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर दुसरं काहीतरी त्यात मिसळलंय. डिपस्टिक नाकाशी नेली आणि उत्तर मिळालं, पेट्रोलचा स्वच्छ वास. कागदावर एक थेंब टाकला तर मधे काळपट ठिपका आणि भोवती पातळ, फिकट कडं पसरत गेलं.

रिंगांचा निकाल खरं तर इथेच फिरला. रिंगा गेल्या असत्या तर ऑईल जळून कमी झालं असतं. धुराचा खुलासाही याच डिपस्टिकवर होता. या इंजिनांना क्रँककेसमधली, म्हणजे खालच्या ऑईलच्या पेटीतली, वाफ बाहेर सोडणारी एक श्वासनळी असते आणि ती पुन्हा हवेच्या मार्गात, फिल्टरच्या आसपास उघडते. ऑईल पातळीच्या वर गेलं, त्यातही पातळ झालेलं असलं, की ते त्या नळीतून वर फेकलं जातं, आत ओढलं जातं आणि जळतं. भकाभक पांढरा धूर दिसतो आणि बघणारा घाबरतो.

नवा एअर फिल्टर काढला. कागदी घड्यांचा, स्वच्छ, पण खालच्या कोपऱ्यात एक ओलसर पिवळा डाग आणि त्यालाही पेट्रोलचाच वास. टाकीचं झाकण उघडलं. आदल्या संध्याकाळी गळ्यापर्यंत भरली होती असं मालक म्हणत होते. आता पातळी बोटभर खाली. जमिनीवर एक थेंबही नाही. पेट्रोलचा कॉक उघडाच होता.

शेवटी प्लग काढला. काळा आणि ओला.

ओला प्लग काय सांगतो

चालू न होणाऱ्या मॉवरसाठी एक जुना, चांगला नियम आहे. बऱ्याच वेळा दोरी ओढून झाल्यावर प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, ओला निघाला तर पेट्रोल येतंय आणि ठिणगी पडत नाही. या नियमाने जावं तर दोष ठिणगीचा. म्हणून ठिणगी तपासली, टेस्टर जोडून, प्लगच्या भोकापासून लांब, आणि हँडलवरची सुरक्षा-दांडी दाबून धरून. ही दांडी विसरली तर ठिणगी कधीच दिसणार नाही. ती सोडली की फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरच्या जड चाकाला, ब्रेक लागतो आणि इग्निशनची तार अर्थ होते. (अमेरिकेत १९८२ पासून अशा मॉवरला दांडी सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबण्याची सक्ती आहे, ती याच यंत्रणेने पाळली जाते.) केबल सैल पडून दांडी पूर्ण ओढली जात नसेल तर चांगल्या इंजिनालाही ठिणगी मिळत नाही आणि लोक ठिणगीची कॉईल बदलत बसतात. इथे केबल ताठ होती आणि ठिणगी निळी, ठणठणीत.

म्हणजे पुरावे एकमेकांना छेद देत होते. चोक ओढला की इंजिन तगतं; चोक हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढवतो, अर्थात इंजिन पेट्रोलला भुकेलेलं आहे. उलट ओला प्लग, भिजलेला फिल्टर आणि वाढलेलं ऑईल ओरडून सांगताहेत की पेट्रोल जास्त झालंय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

वेळ वेगवेगळी धरली तर असतं. पेट्रोल जास्त होत होतं ते मॉवर बंद उभा असताना, आणि कमी पडत होतं ते चालू असताना. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तळाशी एक छोटी वाटी असते, तिला बाऊल म्हणतात. टाकीतून पेट्रोल आधी तिच्यात येतं. आतला फ्लोट पातळीबरोबर वर चढतो आणि एका निडलने येणारी वाट बंद करतो. बाऊलमधून इंजिनकडे जाणारी वाट वेगळी, ती मेन जेटच्या बारीक भोकातून. निडल पूर्ण बसली नाही तर कॉक उघडा असेपर्यंत टाकी रात्रभर बाऊलमध्ये उतरत राहते, तिथून ओसंडून काही फिल्टरकडे, काही सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये. आणि जेट बुजला असेल तर इंजिन चालू झाल्यावर त्याला त्याच भरलेल्या बाऊलमधून पुरेसं मिळत नाही. सकाळी दोरी ओढली की साचलेल्या पेट्रोलवर इंजिन पेटतं, ते संपलं की उपाशी मरतं.

दोन दोष, पण कारण एकच असण्याची शक्यता मोठी: शिळ्या पेट्रोलचा चिकटा. तो निडलच्या टोकावर बसला तर वाट बंद होऊ देत नाही, जेटमध्ये बसला तर उघडी राहू देत नाही.

आवाजाचं वरखाली होणंही यातच बसतं. मॉवरच्या इंजिनाला गव्हर्नर असतो. वेग पडला की तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात मिश्रण सोडणारी झडप, उघडतो, वाढला की मिटतो. पेट्रोल कमी पडल्याने वेग पडतो, गव्हर्नर घाईने थ्रॉटल उघडतो, इंजिन उसळतं, तो लगेच मिटतो, वेग पुन्हा पडतो. कानाला ऐकू येतं ते घुंऽऽ-घुं-घुंऽऽ असं झोके घेणं. त्यावर गव्हर्नरची स्प्रिंग ओढून बघायचा मोह होतो. तिला हात लावू नये. बिचारा गव्हर्नर त्याचं काम चोख करत असतो.

बाऊलच्या आत

कॉक बंद केला, खाली डबा धरला आणि बाऊलचा बोल्ट १० नंबरच्या पान्याने सोडला. बहुतेक लहान इंजिनांवर बाऊल काढायला अख्खा कार्बोरेटर उतरवावा लागत नाही, इथेही नाही लागला. डब्यात आलेलं पेट्रोल चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला पेट्रोलपेक्षा जुन्या वॉर्निशचा वास येत होता. बाऊलच्या तळाशी पिवळसर चिकट थर, आणि मधोमध, जेट जिथून पेट्रोल उचलतो नेमकं तिथे, गंजाचे तांबूस ठिपके.

हे ठिपके पाण्याचे. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल धरतं. ती एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड असल्याने तळाला बसतं. वर नुसतं दिसायला पेट्रोल, खाली गंज चढवणारा थर. दुसरीकडे पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे उरतो तो हा चिकटा. लहान इंजिनांची मॅन्युअल्स साधारण ३० दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल वापरू नका म्हणतात आणि बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलला परवानगी देत नाहीत, ते यामुळेच.

फ्लोटची पिन बोटाने सरकवली, फ्लोट आणि निडल हातात आले. निडलचं टोक रबरी असतं. त्यावर नखाने निघेल असं एक सोनेरी कडं जमलं होतं. क्लीनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टोक आणि ते जिथे बसतं ती जागा, दोन्ही पुसून घेतली. टोकावर खाच पडलेली असती तर निडलच बदलावी लागली असती, कारण खाच साफ होत नाही. ती नव्हती.

मेन जेट मधल्या खांबात असतो, पितळेचा. तो सोडायला खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रू-ड्रायव्हर हवा, अरुंद घेतला तर मऊ पितळेची खाच खराब होते आणि जेट तिथेच राहतो. काढून उजेडाकडे धरला. मिलिमीटरहून बारीक भोक, आणि आरपार काही दिसेना. कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवला, मग विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती हळू आतबाहेर केली. इथे सुई, पिन, ड्रिल काहीही चालत नाही. स्टीलने भोक एका केसाएवढं जरी मोठं झालं तरी इंजिन कायमचं जादा पेट्रोल पीत राहतं, आणि ते मोठं झालेलं भोक डोळ्याला दिसतही नाही. थोड्या वेळाने पुन्हा उजेडाकडे धरला तर मधोमध पांढरा ठिपका दिसला, गोल आणि स्वच्छ कडांचा. मालकांनी तो माझ्या हातातून घेऊन दोन-तीनदा बघितला. त्यांना पहिल्यांदा पटलं की इंजिनाला काही झालेलं नाही. जेटच्या वर असलेल्या नळीला बाजूने आणखी बारीक भोकं असतात. त्यांतूनही तार फिरवली. जेटच्या नादात ही नळी विसरली जाते.

फ्लोट परत बसवल्यावर, बाऊल लावायच्या आधी एक चाचणी केली. फ्लोट बोटाने हलकेच वर धरायचा, खाली डबा ठेवायचा आणि कॉक उघडायचा. आधीच्या संशयाची शहानिशा करायला याहून सोपा मार्ग नाही: वर धरल्यावर थेंबही पडायला नको, सोडल्यावर धार लागायला हवी. तसंच झालं. बाऊलची रबरी रिंग फुगली होती, म्हणून नवी टाकली. टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाकलं, ताजं आणि शिळं मिसळलेलं, दोन्ही.

ऑईल

पेट्रोल मिसळलेल्या ऑईलवर इंजिन चालवून बघणं हा या प्रकरणातला सगळ्यात महाग पडू शकणारा भाग होता, आणि मालक नकळत तेच करत होते. या इंजिनांत सहसा पंप नसतो, ऑईल फिल्टरही नसतो. आतली पळी ऑईल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. ते ऑईल पातळ झालं तर पिस्टन आणि सिलिंडर, दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये काही उरत नाही.

काढताना मॉवर आडवा केला तो एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला येतील असा. उलट्या बाजूला कलंडवला तर ऑईल फिल्टरमध्ये आणि पेट्रोल सगळीकडे जातं, आणि नव्या फिल्टरला पुन्हा नवा फिल्टर आणावा लागतो. एरवी ऑईल गरम असताना काढतात, कारण ते लवकर आणि घाण घेऊन निघतं. इथे इंजिन चालवायचं नव्हतं म्हणून थंडच काढलं, बराच वेळ निथळू दिलं. नवं घातलं ते एसएई ३० या दाटपणाचं, अर्ध्या लिटरच्या थोडं वर, तेही एकदम न ओतता. थोडं घालायचं, थांबायचं, डिपस्टिक बघायची. थंड हवामानात १०डब्ल्यू-३० हा दाटपणा बरा. काही तास गवत कापून झाल्यावर हेही ऑईल बदलायचं ठरवलं, कारण कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल पहिल्या बदलात पूर्ण निघत नाही. नेहमीचा नियम ५० तासांना किंवा हंगामातून एकदा, नव्या इंजिनाला पहिल्यांदा त्याहून बरंच लवकर. काढलेलं ऑईल झाकणाच्या डब्यात. मातीत किंवा गटारात नाही.

पातं

थरथरीचं आणि तपकिरी टोकांचं मूळ कार्बोरेटरमध्ये असणं शक्य नव्हतं. त्यासाठी खाली बघावं लागलं.

आडवं फिरणारं पातं गवत कापतं ते आपटून. दोन धारांमध्ये धरून कापण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे सगळा भरवसा वेगावर आणि धारेवर. मिनिटाला ३००० फेरे धरले तर ५३ सेंटीमीटरच्या पात्याचं टोक सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जातं. धार बोथट असली की एवढ्या वेगाचा फटकाही गवत फाडतो. फाटलेली टोकं सुकतात आणि तपकिरी होतात. खताचा काही संबंध नव्हता.

थरथर वेगळी. त्याच वेगाने फिरणाऱ्या पात्याचं एक टोक जरा हलकं असलं तरी बेअरिंगला आणि हँडलला प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो. पातं काढायच्या आधी त्याच्या खालच्या बाजूवर रंगाचा ठिपका टाकला आणि वॉशरच्या क्रमाचा फोटो घेतला. उलटं बसवलेलं पातं गवत कापत नाही आणि ही गडबड बरेच जण करतात. पात्याच्या टोकांचे वर वळलेले बाकदार पंख नेहमी वर, डेककडे, म्हणजे पात्यावरच्या झाकणाकडे. पातं आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडला.

पातं हातात आलं तेव्हा गोष्ट उलगडली. एका टोकाची धार उजळ, रुंद घासलेली आणि तिच्या कडेला निळसर पट्टा. दुसरं टोक जवळजवळ न घासलेलं. मालकांनी मागच्या हंगामात ग्राइंडरने धार लावली होती, एका बाजूला मन लावून, दुसऱ्या बाजूला उरकून. निळा पट्टा म्हणजे तिथे पोलाद इतकं तापलं की त्याचा कडकपणा गेला. मऊ धार पहिल्या काही कापण्यांतच पडते. जास्त घासलेलं टोक हलकं झालं, ते वेगळंच. थरथर आणि तपकिरी टोकं, दोन्ही एकाच दुपारच्या ग्राइंडिंगमधून आलेली.

वाचवण्यासारखं आहे का, हे आधी बघितलं. पंखाच्या बुडाशी तडा नाही, पंख मातीने झिजून पातळ झालेला नाही, सपाट फरशीवर ठेवल्यावर पातं डुगडुगत नाही. यातलं एक जरी निघालं असतं तर सरळ नवं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणं हा शहाणपणा नाही. त्या जागी पोलाद दुखावलेलं असतं आणि पुढचा दगड ते मोडतो. मॉवरचा दांडा वाकला नसल्याची खात्री नंतर केली, प्लगची टोपी काढलेलीच ठेवून, हातमोजे घालून दांडा सावकाश फिरवला आणि बोल्टचं डोकं जागच्या जागी फिरतंय ना ते बघितलं.

मग व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, पातं आवळून कानस. मूळ उताराचा कोन तसाच ठेवायचा, बहुतेक पात्यांत तो ३० ते ४५ अंशांच्या मधे असतो. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलून. फक्त वरचा उतार घासायचा, खालची सपाट बाजू तशीच. तिथे आलेली किनार हलक्या एका फटक्याने काढली की झालं. निळा भाग संपून राखाडी पोलाद लागेपर्यंत हे केलं. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्या खड्याला जाते. नख दाबलं तर टोचावं पण कापू नये, इतकी बास. दोन्हीकडून मोजूनमापून घासलं तरी तोल आपोआप येत नाही. भिंतीत खिळा ठोकून पातं मधल्या भोकाने त्यावर अडकवलं, आडवं धरलं आणि सोडलं. दुसरं टोक झपकन खाली गेलं. जड टोकाच्या धारेवरच आणखी कानस, पुन्हा खिळ्यावर, पुन्हा कानस. पंख घासून वजन कमी करायचं नाही, कारण गवत उभं करणारा वारा तोच निर्माण करतो. सोडल्यावर पातं आडवंच राहायला लागलं तेव्हा थांबलो. बोल्ट मॅन्युअलमधल्या मापाला टॉर्क पान्याने आवळला, अशा मॉवरना तो साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटरच्या घरात असतो.

डेकच्या आतला वाळलेला गवताचा थर लाकडी पट्टीने खरवडला. लोखंडी खुरपं वापरलं की रंग जातो आणि गंज सुरू होतो.

पहिली चाचणी आणि उरलेली कुरबूर

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटरमध्ये आहे ना ते फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, बघितलं. प्लग आधी हाताने पूर्ण बसवायचा, मग पाना. नवा असेल तर बसल्यावर अर्धा फेरा, वापरलेला असेल तर पाव फेऱ्याच्या आत. पहिल्यापासून पाना लावला आणि आटे तिरके गेले तर ॲल्युमिनियमच्या हेडचं नुकसान होतं.

इंजिन दुसऱ्या ओढीत चालू झालं. धूर आला, तसा येणारच होता. सायलेन्सरमध्ये गेलेलं ऑईल जळून संपायला काही मिनिटं लागली. मालक दर मिनिटाला "अजून येतोय हो" म्हणत होते. नंतर निवळला. गवतात घातल्यावर आवाज एकसारखा, हँडल शांत.

पण मोकळं, गवताबाहेर चालताना बारीक झोके उरले होते. भार असताना पेट्रोल मेन जेटमधून जातं, भार नसताना बरंचसं एका दुसऱ्या, त्याहून बारीक पायलट जेटमधून. त्याची रबरी रिंग नाजूक असल्याने पहिल्या फेरीत त्याला मुद्दाम हात लावला नव्हता. आता काढला, तीच तार, तोच क्लीनर, रिंगला ऑईलचं बोट. झोके गेले.

टाकीचं झाकण हाही एक संशयित असतो. त्यातलं हवेचं भोक बुजलं तर मॉवर पंधरा-वीस मिनिटं छान चालतो आणि मग पेट्रोल ओढणं थांबून बंद पडतो; झाकण सैल केलं की पुन्हा चालू. म्हणून लहान चाचणीवर न थांबता अख्खी हिरवळ कापून घेतली. झाकण निर्दोष निघालं.

मुद्दाम न केलेलं

फ्लायव्हील काढलं नाही. पातं दगडावर जोरात आपटलं तर फ्लायव्हीलची मऊ चावी सरकते, ठिणगीची वेळ चुकते आणि दोरी हाताला उलटा झटका देते. असा झटका एकदाही बसला नव्हता. व्हॉल्व्हची फट मोजली नाही, कारण दोरी ओढताना दाब चांगला लागत होता आणि इंजिन गरम असतानाही सहज चालू होत होतं. गव्हर्नरच्या स्प्रिंगला अर्थातच हात नाही. वेग वाढला की पात्याचं टोकही वेगाने जातं, आणि अमेरिकी मानकात त्याला मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटर, ही मर्यादा घातलेली आहे. कारखान्याने ठरवलेला वेग या मर्यादेच्या हिशोबाने असतो.

पुढच्या बंद हंगामासाठी

साठवणीच्या वेळी टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी यावर दोन तट आहेत. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ न देणारं रसायन, घालून काठोकाठ भरावी असं म्हणणाऱ्यांचं कारण खोटं नाही. टाकीत हवा कमी राहते, ओल कमी शिरते, आणि टाकी लोखंडी असेल तर गंजत नाही. फक्त स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन काही मिनिटं चालवावं लागतं, नाहीतर तो टाकीतच राहतो आणि बाऊलमध्ये जुनंच पेट्रोल शिळं होत बसतं. इथे टाकी प्लास्टिकची होती आणि मालक स्टॅबिलायझर घालायचं विसरतील याची त्यांना स्वतःलाच खात्री होती. म्हणून टाकी रिकामी करायची, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, आणि बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं थेंबभर काढायचं, असं ठरलं. हंगामात रोजचं काम संपलं की कॉक बंद करायचा, हे त्याहून महत्त्वाचं. निडल पुन्हा कधी चिकटली तरी रात्रीत ऑईल बिघडणार नाही.

दोरी मात्र मुठीजवळ विरलेली आहे. ती बदलायला इंजिनावरचं कव्हर काढावं लागतं, आणि ते काढल्यावर खाली सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये (पातळ पट्ट्यांमध्ये) अडकलेलं गवतही साफ करता येतं, जे करायलाच हवं आहे. दोन्ही कामं काही तासांनी येणाऱ्या त्या दुसऱ्या ऑईल बदलाला जोडून ठेवली आहेत. कानस आणि खिळा मालकांनी तोवर स्वतःकडे मागून घेतलाय.